ब्रायरच्या पाइपसाठी बेल्ट-डिस्क सँडर: डिस्कला पूर्ण गुण, बेल्टला अर्धे

चार इंच रुंद व छत्तीस इंच लांब बेल्ट, त्याच्या शेजारी सहा इंचांची डिस्क आणि दोन्हींना फिरवणारी एकच मोटर, अशा रचनेचा बाकावर ठेवायचा सँडर, म्हणजे लाकूड घासून उतरवणारे यंत्र, आपल्याकडे निरनिराळ्या नावांनी विकला जातो. रंग आणि स्टिकर बदलले तरी पाया, रोलर, टेबल आणि ट्रॅकिंगचा (बेल्ट रोलरच्या मध्यावर ठेवणारा) नॉब यांत फारसा फरक आढळत नाही, म्हणून या परीक्षणात मी कोणत्याही ब्रँडचे नाव घेतलेले नाही. येथे सांगितलेले गुणदोष या जातीच्या यंत्राचे आहेत. कसोटीही मुद्दाम अरुंद ठेवली आहे: ब्रायर लाकडापासून तंबाखूचा पाइप घडवणे. फर्निचरच्या कडा सपाट करणाऱ्या सुताराला हेच यंत्र कदाचित वेगळे दिसेल. (तंबाखू आरोग्याला घातक आहे याबद्दल दुमत नाही, माझा रस लाकडात आहे आणि माझ्या हातून घडलेले बहुतेक पाइप कधी पेटतही नाहीत.)

मत आधीच सांगून टाकतो. या यंत्राच्या दोन अंगांपैकी डिस्क पाइपच्या कामाला उत्तम आहे. बेल्ट मूळ स्थितीत जवळजवळ निरुपयोगी असून थोड्या फेरफारानंतरच उपयोगी पडतो. आणि यंत्र किती वर्षे टिकेल हे मोटरच्या ताकदीपेक्षा धूळ व पॉलिश पेपर कसे सांभाळले जातात यावर ठरते.

ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या उतारांवर वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या बुंध्याशी, जमिनीच्या पोटात तयार होणारी गाठ. इटलीतील कॅलाब्रिया, ग्रीस, कॉर्सिका, अल्जीरिया अशा ठिकाणी ती खणून काढतात, कापून तासन्‌तास पाण्यात उकळतात आणि मग महिनोन्‌महिने सावलीत वाळवतात. या गाठीचे लाकूड घट्ट आणि उष्णतेला दाद न देणारे असते. त्याचे रेषे गाठीच्या मध्यापासून बाहेरच्या दिशेने पसरलेले असतात, त्यामुळे एका बाजूला सरळ रेघा आणि त्यांच्या काटकोनातील बाजूला पक्ष्याच्या डोळ्यांसारखे ठिपके दिसतात. ही नक्षी पाइपवर कोठे यावी हे ठरवूनच आकार द्यावा लागतो. शिवाय गाठीच्या आत वाळूचे कण आणि बारीक पोकळ्या दडलेल्या असतात, ज्या लाकूड उतरवत गेल्याशिवाय दिसत नाहीत. एखादा खड्डा दिसला की कारागीर तेथून आकार थोडा वळवतो. म्हणजेच या कामात यंत्राने लाकूड झपाट्याने काढले पाहिजे, पण कोठे थांबायचे हे दर क्षणी हातालाच ठरवता आले पाहिजे.

पाइपच्या जगात सँडरला जे स्थान मिळाले त्याचे कारण याच गरजेत आहे. फ्रान्समधील ज्युरा डोंगरातल्या सँ-क्लोद या गावात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ब्रायरचे पाइप कारखान्यात तयार होऊ लागले, आणि तेथील पद्धत ठरावीक आकार यंत्राच्या पात्यांनी पुनःपुन्हा उतरवण्याची होती. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर कोपनहेगनमधील कारागिरांनी, विशेषतः मूळचे स्वीडनचे असलेले सिक्स्टेन इव्हार्सन यांनी, हा क्रम उलटा केला. आधी बाहेरचा आकार लाकडाच्या रेषांना अनुसरून घडवायचा आणि नंतर त्यात भोके पाडायची, असा हा मार्ग होता. डॅनिश पद्धतीत बाहेरचा आकार देण्याचे मुख्य हत्यार फिरणारी खरखरीत डिस्क हेच राहिले. हौशी कारागीर मात्र बहुधा आधी भोके पाडतो, कारण चौकोनी ठोकळा ड्रिलखाली पकडणे सोपे असते. मीही तसेच करतो. तरीसुद्धा त्यानंतरचे काम डिस्कवरच होते, आणि म्हणूनच या यंत्राचे परीक्षण डिस्कपासून सुरू करणे योग्य ठरेल.

यंत्राच्या पाटीवर ३७० वॅट, २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आणि मिनिटाला १४२५ फेरे असे लिहिले आहे. हा शेवटचा आकडा खरेदीपूर्वी नक्की वाचावा. अमेरिकी कारागिरांचे व्हिडिओ पाहून आपण यंत्र निवडतो, पण तेथील वीज ६० हर्ट्झची असल्यामुळे त्यांच्या यंत्रांवर १७२५ किंवा ३४५० असे आकडे असतात. आपल्याकडे त्याच बांधणीच्या मोटरी अनुक्रमे १४२५ आणि २८५० च्या आसपास फिरतात. १५० मिलिमीटर व्यासाच्या डिस्कच्या कडेचा वेग १४२५ फेऱ्यांना सेकंदाला सुमारे ११ मीटर, तर २८५० फेऱ्यांना सुमारे २२ मीटर होतो. ब्रायरपुरता विचार केला तर दुप्पट वेग हवाहवासा वाटतो. मात्र पाइपची मुखनळी एबोनाइटची किंवा ॲक्रिलिकची असते. ॲक्रिलिक तापताच मऊ होऊन पेपरच्या दाण्यांत घट्ट बसते, आणि गंधक घालून कडक केलेल्या रबरापासून बनणारे एबोनाइट तापले की उग्र दर्प सोडते. एकाच यंत्रावर दोन्ही कामे करायची असतील तर मी संथ मोटरच निवडेन. डिस्कवर वेग मध्याकडे कमी होत जातो, कडेपासून निम्म्या अंतरावर तो निम्माच असतो, हा गुण येथे फार उपयोगी पडतो: खरखरीत काम कडेला आणि नाजूक काम आतल्या भागात, अशी कामाची वाटणी एकाच पेपरवर करता येते.

ताकदीबद्दलही थोडा हिशेब करणे आवश्यक आहे. ३७० वॅट आणि १४२५ फेरे यांवरून डिस्कच्या कडेला मिळणारी ओढ सुमारे ३३ न्यूटन, म्हणजे साडेतीन किलोच्या आसपास येते, आणि त्यातला काही भाग शेजारी रिकामा फिरणारा बेल्ट खाऊन टाकतो. पाइपएवढ्या वस्तूला एवढे पुरते. ज्यांच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज खाली येते त्यांनी मात्र हे ध्यानात घ्यावे की इंडक्शन मोटरची जोर धरण्याची क्षमता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० ऐवजी २०० व्होल्ट मिळाले तर जवळजवळ चौथा हिस्सा जोर जातो. लांब आणि बारीक एक्स्टेन्शन वायर लावली तरी परिणाम हाच होतो. यंत्र भिंतीतल्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटला थेट जोडावे आणि अर्थिंग तपासून घ्यावे.

डिस्कचे पहिले काम आकार देण्याचे नसून ठोकळा काटकोनात आणण्याचे असते. कापून आलेला ब्रायरचा ठोकळा क्वचितच सरळ असतो. वाटीचे (तंबाखू भरायच्या भागाचे) भोक आणि धुराची वाट (दांड्यातून मुखनळीकडे जाणारे बारीक भोक) एकमेकांना नेमकी तळाशी मिळायची असतील तर ठोकळ्याच्या किमान दोन बाजू एकमेकींना काटकोनात हव्यात. वाटीचे भोक साधारण १९ ते २० मिलिमीटरचे आणि धुराची वाट ४ मिलिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे दोनेक अंशांची चूकही तळाशी स्पष्ट दिसते. या कामात यंत्राचे टेबल निर्णायक ठरते. टेबलावर छापलेल्या अंशांच्या पट्टीवर विश्वास ठेवू नये. पेपर लावलेल्या डिस्कला गुण्या टेकवून टेबल काटकोनात आणावे आणि मगच नॉब आवळावा. टेबल आणि डिस्क यांमधील फट दीड ते दोन मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी, नाहीतर लहान तुकडा फटीत ओढला जातो. सोबत येणारा कोनमापक खाचेत सैल बसतो, हा या जातीच्या बहुतेक यंत्रांचा दोष आहे. त्याच्या पट्टीच्या कडेवर सेंटर पंचाने तीनचार ठिकाणी ठोकून धातू किंचित फुगवला की तो डुगडुगायचा थांबतो.

भोके पाडून, करवतीने कोपरे उडवून झाले की खरे घडवणे सुरू होते. येथे मी टेबल काढून ठेवतो, कारण वाटीचा गोल डिस्कसमोर सर्व दिशांनी फिरवता आला पाहिजे. टेबल काढल्यावर आधार जातो, म्हणून दांड्याच्या भोकात कठीण लाकडाची निमुळती खुंटी घट्ट बसवून तीच मुठीसारखी धरावी. तिने बोटे डिस्कपासून लांब राहतात आणि दांड्याच्या तोंडाची कडही वाचते. माझ्या यंत्राची डिस्क समोरून पाहता घड्याळाच्या उलट दिशेने फिरते, त्यामुळे डावी बाजू खाली जाते आणि सारे काम त्याच बाजूला करायचे असते. उजव्या बाजूला वस्तू टेकवली तर ती वर उसळते आणि धूळ थेट चेहऱ्यावर येते. हातमोजे घालू नयेत, बाह्या दुमडाव्यात.

खरखरीत आकारासाठी ६० किंवा ८० नंबरचा पेपर पुरे. दाब हलका ठेवावा आणि वस्तू सतत फिरवत राहावी, कारण ब्रायरवर क्षणभर हात थांबला तरी सपाट पट्टा उमटतो आणि तो गोलाईत मिळवण्यासाठी आजूबाजूचे सगळे लाकूड उतरवावे लागते. वाटीची भिंत सहा मिलिमीटरपेक्षा पातळ होऊ न देणे बरे. आकार जवळ आला की १२० नंबरवर जावे. ६० नंबरच्या दाण्याचा सरासरी आकार सुमारे २६९ मायक्रॉन, तर १२० नंबरचा १२५ मायक्रॉन असतो; मोठ्या दाण्यांच्या ओरखड्यांत लाकडातले बारीक खड्डे लपून जातात आणि ते १२० नंबरवरच उघड होतात. त्यासाठी एक मिलिमीटर लाकूड राखून ठेवलेले असले तर आकार वळवायला वाव मिळतो. १२० नंतर यंत्र बंद करून २२० पासून पुढचे सर्व हातानेच करावे, असे माझे ठाम मत आहे. बारीक पेपर लावून यंत्रावर गुळगुळीत करण्याचा मोह होतो खरा. पण बारीक दाणे चटकन भरतात, लाकूड कापण्याऐवजी तापवू लागतात आणि ब्रायरवर काळपट डाग पडतो, जो रंग दिल्यावर अधिकच उठून दिसतो.

नंबरांबाबत एक इशारा. आपल्याकडे मिळणाऱ्या चांगल्या पेपरांच्या पाठीवर नंबरापूर्वी ‘पी’ छापलेले असते, ती युरोपीय मोजणी होय. अमेरिकी मोजणी २२० पर्यंत साधारण तिच्याशी जुळते, त्यानंतर फाटे फुटतात: ‘पी’ ४०० हा अमेरिकी ३२० च्या जवळचा आहे आणि अमेरिकी ६०० साठी ‘पी’ १२०० घ्यावा लागतो. अमेरिकी मार्गदर्शन वाचून ४०० आणि ६०० नंबर विकत घेतले, तरी एबोनाइटवरचे ओरखडे का जात नाहीत, याचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते. एबोनाइटचे दांडे, तसे पाहिले तर, आपल्या देशात फाउंटन पेनांच्या निमित्ताने तयार होतात आणि मुखनळीसाठी तेच उत्तम चालतात. ब्रायर मात्र बाहेरूनच मागवावे लागते.

दांड्याचे तोंड आणि मुखनळी यांचा सांधा ही पाइप घडवणाऱ्याची खरी परीक्षा असते. प्रकाशासमोर धरल्यावर फट दिसता कामा नये. या सपाटीसाठी अनेक जण डिस्क वापरतात, मला ते पटत नाही. पेपरच्या खालचा गोंद आणि पेपर स्वतः थोडा दबतो, त्यामुळे कडा किंचित गोल होतात. ते काम लेथवर किंवा तोंड सपाट करणाऱ्या कटरनेच करावे. मुखनळी बसवल्यानंतर मात्र दांडा आणि नळी एकत्र धरून डिस्कवर एकसंध रेषेत आणणे अगदी सुरेख जमते. एबोनाइट व ब्रायर यांचा कठीणपणा वेगळा असल्याने हाताच्या पेपरने एक बाजू जास्त खोल जाण्याची भीती असते, कडक डिस्क दोन्हींना समान पातळीवर आणते. या एका कामासाठीदेखील मी हे यंत्र ठेवून घेईन.

आता बेल्ट. कारखान्यातून येताना बेल्टच्या खाली पोलादी सपाट पाटी असते, आणि त्यामुळे बेल्ट हे मोठे सपाट पृष्ठ बनते. पाइपला सपाट पृष्ठे जवळजवळ नसतातच. बसका पाइप टेबलावर उभा राहावा म्हणून तळ सपाट करणे किंवा चौकोनी दांड्याच्या बाजू काढणे एवढ्यापुरती ती पाटी कामाची. बहिर्वक्र वाटीला पाटीवर टेकवले की पुन्हा सपाट पट्टे पडतात. उपाय सोपा आहे: पाटीचे स्क्रू काढून ती बाजूला ठेवावी. मग दोन रोलरांच्या मध्ये बेल्ट सैल राहतो, वाटीच्या गोलाईभोवती थोडा वाकतो आणि डिस्कने पाडलेले पैलू सहज मिटवतो. पाटी काढल्यावर बेल्ट ट्रॅकवरून किंचित हलतो, म्हणून नॉब पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. वाटी आणि दांडा जेथे मिळतात त्या खोबणीत मात्र चार इंच रुंद बेल्ट पोहोचतच नाही. टोकाचे झाकण काढून मोकळ्या रोलरच्या गोलाईवर थोडेफार करता येते, पण बेल्टची कड दांड्यात खाच पाडते. तेथे अर्धगोल कानस घ्यावी किंवा एक इंच रुंद बेल्टचे वेगळे छोटे यंत्र ठेवावे. एक इंची बेल्ट वाकतो, आत शिरतो आणि पाइपच्या कामाला चार इंचीपेक्षा अधिक मानवतो. जागा आणि पैसा असेल तर एका जोडयंत्राऐवजी स्वतंत्र डिस्क आणि स्वतंत्र एक इंची बेल्ट ही जोडी घ्यावी, असे मी नव्याने सुरुवात करणाऱ्याला सांगेन.

देखभालीत बेल्टचाच वाटा मोठा आहे. नवा बेल्ट चढवण्यापूर्वी त्याच्या आतल्या बाजूचा बाण पाहावा. सांधा एकावर एक चिकटवलेला असेल तर बेल्ट उलटा चढवल्यास सांध्याची कड प्रत्येक फेऱ्याला वस्तूवर आदळते आणि शेवटी फाटते. टेप लावून जोडलेल्या सांध्याला दिशेचे बंधन नसते. बेल्ट चढवल्यावर आधी हाताने फिरवून पाहावा, नंतर बटण क्षणभर चालू-बंद करत ट्रॅकिंग जुळवावे. ट्रॅकिंग आपोआप बिघडू लागले तर नॉब पिळत बसू नये, रोलरवर हात फिरवून पाहावा: ब्रायरची बारीक भुकटी आणि एबोनाइटची चिकट पूड रोलरवर एका बाजूला थर करते आणि तो थरच बेल्टला सरकवतो. लाकडी पट्टीने खरवडून काढला की काम भागते.

पावसाळ्यात बेल्टचे हाल होतात, विशेषतः कोकणपट्टीत आणि घाटमाथ्यावर. कापडी पाठीचा बेल्टसुद्धा दमट हवेत पाणी शोषून कडेला वळतो, आणि सांध्याचा गोंद मऊ होऊन सुरू करताच बेल्ट तुटून उडतो. बेल्ट खिळ्यावर टांगू नयेत, त्यांना कायमची घडी पडते. चार इंची पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर टांगून, शक्य तर झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवावेत. काम संपल्यावर यंत्रावरचा ताणाचा दांडा सैल करून ठेवणेही फायद्याचे. ब्रायरसाठी ॲल्युमिनियम ऑक्साइडचे दाणे पुरेसे आहेत. महागडे सिरॅमिक दाणे पोलादावर जोराने दाबल्यावर तुटून नव्याने धारदार होतात, पाइपसारख्या हलक्या हाताच्या कामात त्यांना ती संधीच मिळत नाही. ३६ इंची तयार बेल्ट सगळीकडे मिळत नाहीत, पण मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटसारख्या हत्यारांच्या बाजारात रोलमधून मापाने जोडून मिळू शकतात. तसे करताना लांबी ९१४ मिलिमीटर सांगावी आणि सांधा पातळ टेपचा मागावा.

पेपर भरला की फेकून देण्याची घाई करू नये. कच्च्या रबराची पिवळसर कांडी चालत्या बेल्टवर आणि डिस्कवर टेकवली की दाण्यांत अडकलेली पूड निघून येते. ॲक्रिलिक वितळून बसलेले असेल तर मात्र कांडीचा उपाय चालत नाही. झिजलेला पेपर आणि भरलेला पेपर यांतला फरक ओळखायला शिकावे. कांडी फिरवल्यानंतरही दाबावे लागत असेल, वास येत असेल, तर पेपर झिजला आहे आणि तो वापरत राहणे ही खोटी काटकसर आहे, कारण त्यातून निघणारी उष्णता महाग ब्रायरचे नुकसान करते.

डिस्कचा पेपर गोंदाच्या पाठीचा असतो. जुना काढताना हेअर ड्रायरने डिस्क कोमट केली तर तो अखंड निघतो, उरलेला गोंद थिनरने पुसावा, आणि डिस्क पूर्ण कोरडी व गार झाल्यावरच नवा पेपर मध्यापासून कडेकडे दाबत बसवावा. धुळीचा एक कण खाली राहिला तरी तेथे उंचवटा तयार होतो. वेल्क्रोची गादी लावून पेपर झटपट बदलण्याची सोय अनेकांना आवडते. आकार देण्यासाठी तिचा मऊपणा उपकारकच ठरतो, पण ठोकळा काटकोनात आणण्यासाठी आणि नळी-दांडा एका रेषेत आणण्यासाठी ती अजिबात चालत नाही. माझ्या डिस्कवर गोंदाचाच पेपर राहतो.

धुळीविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे. ब्रायरची भुकटी पिठासारखी बारीक असते आणि लाकडाच्या धुळीचा समावेश आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केलेला आहे. कापडी रुमाल बांधणे म्हणजे संरक्षण नव्हे. किमान एन-९५ दर्जाचा, नाकाशी घट्ट बसणारा मास्क हवा, आणि काम थांबल्यावरही हवेत तरंगणारी धूळ बसेपर्यंत तो काढू नये. यंत्राला धुळीसाठी जो मार्ग दिलेला आहे तो बेल्टची धूळ बऱ्यापैकी ओढतो, डिस्कखालचा मात्र नावापुरता आहे. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर थेट जोडला तर त्याचा फिल्टर पाहता पाहता गुदमरतो, म्हणून मध्ये झाकणाची बादली आणि सायक्लोन (हवा गरगर फिरवून धूळ वेगळी करणारे नरसाळे) बसवावा. भुकटी बादलीतच पडते. दुसरा मुद्दा आगीचा. याच यंत्रावर पटाशीला धार लावण्याचा किंवा खिळ्याचे डोके घासण्याचा मोह होतो, पण पोलादाच्या ठिणग्या लाकडी भुकटीच्या पिशवीत गेल्या तर त्या तासाभराने, कोणी नसताना, धुमसू शकतात. धातूसाठी वेगळे यंत्र ठेवावे, नाहीतर आधी सगळी भुकटी काढून व्हॅक्यूम सोडवावा.

कॉम्प्रेसरच्या हवेने यंत्र स्वच्छ करण्याची आपल्याकडच्या गाळ्यांतली सवय या यंत्राला मारक आहे, कारण तीच हवा भुकटी बेअरिंगमध्ये आणि बटणात ढकलते. ब्रश आणि व्हॅक्यूम यांनीच साफ करावे. सगळ्यांत आधी कुरकुरू लागते ते मोकळ्या रोलरचे बेअरिंग. मूळचे बहुधा पत्र्याच्या झाकणाचे असते. बदलताना त्याच नंबराचे, पण रबरी सीलचे बेअरिंग मागावे. ६२०२ म्हणजे १५ मिलिमीटर भोक आणि ३५ मिलिमीटर बाहेरचा व्यास, ६२०३ म्हणजे अनुक्रमे १७ आणि ४०. दोन्ही नंबर मोटरसायकल दुरुस्तीच्या दुकानातही मिळतात. बाजूच्या झाकणाखालचा दाती पट्टा अधूनमधून उघडून पाहावा, त्याचे दात झिजू लागले की आधी काळी पूड दिसते. मोटर नुसती घुमते, फिरत नाही, आणि डिस्कला हाताने धक्का दिल्यावर फिरते, असे झाले तर संशय कपॅसिटरवर घ्यावा. तो स्वस्त असतो, पण हात लावण्यापूर्वी प्लग काढून तो रिकामा करून घेणे अनिवार्य आहे. ओतीव लोखंडाचे टेबल असेल तर पावसाळ्यापूर्वी मेणाचा पातळ हात द्यावा. तेल लावू नये, ते ब्रायरला लागते आणि रंग धरत नाही.

आणखी एक उणीव साधी पण गंभीर. माझ्या यंत्राला जे बटण आहे ते वीज गेल्यावर चालू स्थितीतच राहते, आणि वीज परत आली की डिस्क आपोआप फिरू लागते. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नसताना हे चालवून घेण्यासारखे नाही. वीज गेल्यावर आपोआप सुटणारे, पुन्हा हाताने दाबल्याशिवाय चालू न होणारे बटण फिटरकडून बसवून घ्यावे. या किमतीच्या यंत्राला ते मुळातच द्यायला हवे होते.

किमतीत विक्रेत्यागणिक बराच फरक पडतो, आणि स्वस्त मिळाले म्हणून ऑनलाइन मागवण्यापेक्षा दुकानात पाहून घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. दुकानात प्लग न लावता डिस्क हाताने फिरवावी आणि टेबलावर पेन्सिल टेकवून तिचे टोक डिस्कच्या कडेला एकाच जागी लागते की सर्वत्र, हे पाहावे. डिस्क डगमगत असेल तर ते यंत्र परत ठेवावे, ती सरळ करण्याचा उपाय घरी नसतो. टेबलाला गुण्या लावावा, पाटीचे स्क्रू सुटतात का ते पाहावे, बेल्ट चढवून मिनिटभर चालवायला सांगावे आणि तो रोलरच्या मध्यावर राहतो का ते बघावे. शेवटी विक्रेत्याकडून दाती पट्ट्याचा नंबर आणि त्याची किंमत बिलाच्या मागे लिहून घ्यावी, आणि तो सुटा मिळत नाही असे उत्तर आले तर दुसरे दुकान गाठावे.